'व्हाळ' आणि शाळकरी गल्लत

नमस्कार. 'व्हाळ', म्हणजे आमच्याकडचा ओढा, या शब्दावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. म्हणणं थोडक्यात असं : व्हाळ हे ओढ्याच्या पात्राचं नाव, पाण्याच्या वेगाचं नव्हे, चैत्रात कोरडा पडला तरी तो व्हाळच, तेव्हा त्याला 'धावत्या पाण्याचा शब्द' म्हणणं ही माझी 'शाळकरी गल्लत'. शिवाय व्युत्पत्ती कच्ची, पऱ्याचा उल्लेख नाही आणि खाली शुद्धलेखनाच्या चुकांची यादी.

पऱ्याचं मान्य. रत्नागिरीकडे व्हाळालाच पऱ्या म्हणतात, एक ओळ यायला हवी होती.

पण 'शाळकरी'? मतभेद असू दे हो, हा शब्द कशाला? आणि वापरलाच आहात तर ऐका. आमचं घर कुडाळजवळ, व्हाळाच्या पलीकडे. शाळेला जायचं तर साकव, म्हणजे लाकडी पूल, ओलांडायचा, आणि मोठ्या पावसात साकवच वाहून जायचा. हा शब्द मी शाळेच्या वाटेवरच शिकलो, कोश उघडून नव्हे. आई दारातून ओरडायची, "व्हाळाक पाणी इला, जाव नको!" आता बघा, आषाढात व्हाळात पाणी असतंच. मग 'इला', म्हणजे आलं, ते काय? वर डोंगरात कोसळलेला पाऊस गढूळ लोंढा होऊन खाली येतो, ते 'पाणी'. गुडघाभर पाण्याला आमच्याकडे कोणी 'इला' म्हणत नाही.

वर घाटमाथ्यावर आंबोलीला वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथून समुद्र रस्त्यानं गेलं तरी जेमतेम ५०-६० किलोमीटर, आणि मधे घाटाचा तुटका कडा. पाण्याला रेंगाळायला सवड कुठली? सकाळी पोरं ज्यात पाय बुडवून बसतात, तेच दुपारी रेडा ओढून नेतं. चैत्रातल्या कोरड्या व्हाळात उतरून कधी पाहिलंत का? तिथले गोटे कोणी डोक्यावरून आणून टाकलेले नाहीत. अर्थात हे बघायला पावसात गावाला यावं लागतं. मे महिन्यात आंबे न्यायला येऊन नाही कळत.

व्युत्पत्तीबद्दल तुम्ही लिहिता की ओहोळ 'ओघ'वरून आला, म्हणून व्हाळही तिकडचाच, 'वाहणे'शी त्याचा संबंध नाही. असेल. पण संस्कृत 'ओघ'सुद्धा कोशकार 'वह्', म्हणजे वाहणे, या धातूकडेच नेतात ना? मग भांडण कशाचं? गोव्यात कोकणीतही व्हाळच म्हणतात, त्यांना कोणी पुरावे मागत नाही.

शुद्धलेखनाच्या यादीबद्दल आभार. ती वाचलेली नाही.