तिसरा डोळा बसवण्याआधी नारळ आणा

अभिनंदन! तुम्ही कुठल्यातरी शाळेचे मुख्याध्यापक, संस्थेचे चिटणीस किंवा रुग्णालयाचे अधीक्षक आहात आणि कॅमेरे बसवा असं सांगणारं पत्र तुमच्या टेबलावर येऊन पडलंय. घाबरू नका. या विषयात मी अनुभवी आहे. एका शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन वर्षं चहा प्यायलोय आणि एका रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात आईच्या खाटेखाली अकरा रात्री काढल्यात. दोन्हीकडे डोक्यावर कॅमेरा होता.

आधी एक गैरसमज काढून टाका. कॅमेरा बघण्यासाठी असतो असं समजून पुष्कळ भली माणसं नाहक त्रासात पडतात. कॅमेरा असतो तो 'बसवला' असं लिहिण्यासाठी. अहवालात तसा रकानाच असतो. त्यापुढे 'होय' लिहिलं की सुरक्षा झाली.

तर पहिलं काम, तीन कोटेशनं मागवा. तिन्ही एकाच माणसाकडून घेतलीत तर तुमचा प्रवास वाचतो. लेटरहेड तो वेगवेगळी आणतो, स्पेलिंगची चूक मात्र तिन्हींत एकच असते. मग नारळ, पेढे आणि फीत कापायला पाहुणे. आमच्याकडे पाहुण्यांचा सत्कार चालू असताना पडद्यावर सत्कार दिसत होता आणि टाळ्या त्यालाच जास्त पडल्या. त्या दिवशी सोळाच्या सोळा कॅमेरे चालू होते. असा योग पुन्हा आला नाही.

जागा विचारपूर्वक निवडा. पहिला कॅमेरा हजेरीच्या मशीनवर, म्हणजे बाई सात वाजून चार मिनिटांनी आल्या की सात वाजून तीन मिनिटांनी, हे कायमचं ठरून जाईल. दुसरा फाटकावर. तिसरा तुमच्या केबिनमध्ये, समोरच्या खुर्चीकडे तोंड करून, कारण पालक भांडायला तिथेच बसतात. चौथा पाण्याच्या टाकीवर. मुलं नळ उघडे टाकतात. मागचा जिना, जुन्या इमारतीची गच्ची, स्वच्छतागृहाकडे जाणारा बोळ, तिथपर्यंत वायर पुरत नाही. कधीच पुरत नाही. वायरच्या बंडलाची लांबी आणि शाळेतला अंधारा कोपरा यांचं पूर्वापार वाकडं आहे.

आता नियमाकडे या. 21 ऑगस्ट 2024 रोजी शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला: महिन्याभरात शाळांमध्ये सीसीटीव्ही बसवा आणि आठवड्यातून किमान तीन वेळा फुटेज तपासा. नाहीतर अनुदान, मान्यता, सगळंच धोक्यात. मी कागद-पेन घेऊन हिशोब मांडला. सोळा कॅमेरे, सहा तासांची शाळा, म्हणजे दिवसाला 96 तासांचं चित्रण. सहा दिवसांचं 576 तास. आठवड्यात तास असतात 168. आठपट वेगाने पळवलं तरी 72 तास उरतात आणि त्या वेगात मुलं मुंग्यांसारखी दिसतात. सरांना हे दाखवलं तर ते शांतपणे म्हणाले, "रजिस्टर केलंय." वही मी पाहिली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, 'फुटेज पाहिले, आक्षेपार्ह काही नाही', खाली सही. पुढच्या महिन्याच्या सह्याही झालेल्या होत्या. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

हा निर्णय त्या तारखेला का निघाला, तेवढं मात्र विसरू नका. आदल्याच दिवशी बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले होते आणि लोकल तासन्‌तास बंद होत्या. बालवर्गातल्या दोन चिमुरड्यांवर शाळेतच, स्वच्छतागृहात, अत्याचार झाला होता. आरोपी कंत्राटी सफाई कामगार. शाळेत कॅमेरे होते. पंधरा दिवसांचं फुटेज गायब असल्याचं तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितलं.

हे वाचून एखादा आगाऊ माणूस तुम्हाला विचारेल, की स्वच्छतागृहाच्या आत कॅमेरा लावता येत नाही, लावूही नये, मग तिथे चार वर्षांच्या मुलीबरोबर कोण जाणार? जाणार कोण, तर शाळेतली मावशी. हात धरून नेणारी, निकरचं बटण लावून देणारी, बाहेर उभी राहून "झालं का गं?" विचारणारी. अशा प्रश्नाला उत्तर देऊ नका. आमदार निधीकडे बोट दाखवा. त्या निधीतून वस्तू मिळते, पगार मिळत नाही. कॅमेरा ही वस्तू आहे. मावशी वस्तू नाही, हा तिचा मोठाच दोष. तिला दर महिन्याला पैसे लागतात, तिला ताप येतो, तिच्या भाच्याचं लग्न निघतं. कॅमेऱ्याला भाचा नसतो.

आणि या बाबतीत सरकार तुमच्याआधी विचार करून मोकळं झालंय. डिसेंबर 2020 मध्ये खासगी अनुदानित शाळांतल्या शिपायांच्या पदांबद्दल निर्णय निघाला. आहेत ते निवृत्त होईपर्यंत राहतील, पुढे पद नाही, त्याऐवजी शाळेला 'शिपाई भत्ता'. ग्रामीण भागात महिना 5,000 रुपये. पाच हजारांत कोण सापडतं ते शोधा, जो सापडेल त्याची पोलीस पडताळणी करा आणि कोणीच सापडलं नाही तर कॅमेरा आहेच.

त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत, आवाजासकट, आणि चित्रण अठरा महिने टिकलं पाहिजे. 2025 च्या सप्टेंबरात, ठाण्यांमधले कॅमेरे चालत नाहीत म्हणून त्याच न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तेव्हा तुमचा सात नंबर बंद पडला तर मनाला लावून घेऊ नका. खुद्द पोलिसांचा बंद असतो.

साठवणुकीवर जास्त खर्च करायचा नाही. लहानशी हार्ड डिस्क घ्या. ती भरली की डीव्हीआर, म्हणजे चित्रण नोंदवणारा डबा, जुन्यावर नवं लिहीत जातो, आपोआप, कोणाला सांगावंही लागत नाही. लहान मूल घरी येऊन आईला काही सांगायला जेवढे दिवस लावतं, तेवढ्यात पाटी कोरी झालेली असते.

रुग्णालयवाल्यांनी कंटाळू नये, त्यांच्याकडेच येतोय. एक कबूल करतो: कॅज्युअल्टीच्या दारावरच्या कॅमेऱ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. 2017 च्या मार्चमध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला जमावाने मारलं, राज्यभर निवासी डॉक्टर कामावरून उठले. त्यांना हवी होती दारावर माणसं. दार, व्हरांडा, औषधांचं भांडार, बाळाला घेऊन बाहेर पडायची वाट, तिथे लावा की दहा लावा. पण तुम्ही तिथे थांबणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही तो वॉर्डात लावणार. वॉर्डात लावला की नर्स कमी दिसत नाहीत.

आईच्या वॉर्डात चाळीस खाटा होत्या आणि रात्री एक सिस्टर. खाट नंबर चौदाच्या बरोबर वर कॅमेरा, बारीक लाल दिवा असलेला. पहिल्या रात्री आईने विचारलं, "तो दिवा कसला रे?"

"कॅमेरा आहे आई."

"मग त्याला म्हणावं तोंड तिकडं कर. मला लुगडं बदलायचंय."

पडदा होता, नाही असं नाही. नऊ कड्यांपैकी चार शिल्लक होत्या, त्यामुळे तो मधेच झोळीसारखा लोंबायचा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 साली एकमताने सांगितलंय. नऊ न्यायमूर्ती एकमताने मिळाले, नऊ कड्या मिळाल्या नाहीत. शेवटी ताई स्टुलावर चढायची आणि दोन्ही हातांनी चादर धरून लेन्ससमोर उभी राहायची. बेडपॅन, कपडे, अंग पुसणं, सगळं त्या चादरीच्या आड. तिसऱ्या दिवशी सुरक्षारक्षक वर आला आणि ताईला म्हणाला, "मॅडम, कॅमेरा झाकू नका, खालून ओरडतात." खालून कोण बघतं हे त्यामुळे पहिल्यांदा कळलं.

मी खाली जाऊन पाहिलं. औषधाच्या दुकानाला लागून एक टेबल, त्यावर स्क्रीन, स्क्रीनवर सोळा चौकोन, समोर रक्षक आणि त्याच्या हातात मोबाइल. औषधाच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला तो स्क्रीन दिसत होता. एका चौकोनात माझी आई झोपली होती. शेजारच्या चौकोनात प्रसूती कक्षाचा व्हरांडा. रांगेतला एकजण बोट दाखवून म्हणाला, "ती बघ, आपली वहिनी."

त्याच रात्री सलाइन संपलं आणि नळीत रक्त उलटं चढायला लागलं. लाल दिवा चालू होता, चित्र उत्तम येत असणार. सिस्टर पलीकडच्या टोकाला एका म्हाताऱ्याला ऑक्सिजन लावत होत्या. मी धावत जाऊन त्यांना आणलं. तेव्हा सल्ला असा, की नातेवाइकांना वॉर्डात झोपू द्या. खाली कोणीतरी लागतंच.

जोडणी इंटरनेटला करा, म्हणजे साहेबांना घरून बघता येईल. पासवर्ड अवघड ठेवू नका, तुम्हीच विसराल. राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं, स्त्रियांच्या तपासणीचं चित्रण 2025 च्या फेब्रुवारीत यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर निघालं. लोक ते पैसे मोजून बघत होते. पकडलेल्यांत आपल्या लातूरचे आणि सांगलीचेही होते, म्हणजे मराठी माणूस धंद्यात मागे पडतो ही ओरड खोटी. तपासणीच्या खोलीत कॅमेरा कशाला, असं कोणी विचारलंच तर 'सुरक्षेसाठी' म्हणावं. पासवर्ड 'अ‍ॅडमिन 123' असल्याचं नंतर बातम्यांत आलं. कंपनीकडून आला तसाच राहिला होता. त्या बायकांना कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारणार तरी कुठे? आपल्याकडे केसपेपरवर 'संमती' असते ती भूल देण्यापुरती.

भंडाऱ्याचं सांगू का? 9 जानेवारी 2021, मध्यरात्रीनंतर जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली. सतरा बाळं होती, दहा गेली. असल्या जागी लागतं ते धूर आला की ओरडणारं यंत्र, आणि बाळांजवळून न हलणारी परिचारिका. तुमच्या मागणीपत्रकात या दोन गोष्टी कितव्या क्रमांकावर आहेत, ते आता बघू नका. मूड जातो.

एवढं करूनही काही घडलंच, तर वाक्यं पाठ असू द्या. पहिल्या दिवशी 'फुटेज तपासण्याचं काम सुरू आहे'. दुसऱ्या दिवशी 'तांत्रिक कारणामुळे'. तिसऱ्या दिवशी 'समिती नेमली आहे'. समितीत कॅमेरेवाल्याला घ्यायला विसरू नका, त्यालाच बघता येतं.

परवा शाळेत समितीची बैठक होती. विषय एकच, कॅमेऱ्यांच्या वार्षिक देखभालीचं बिल. चहा यायला वेळ होता म्हणून मी भिंतीवरच्या स्क्रीनकडे बघत बसलो. सोळापैकी नऊ चौकोन काळे. सातव्या चौकोनात पहिलीचा वर्ग. बाई ऑनलाइन माहिती भरायला ऑफिसात आल्या होत्या, माझ्या शेजारीच बसून आधारचे आकडे टाइप करत होत्या. वर्गात एक मुलगी बाकावरून उठली, फळ्याजवळ आली, दाराबाहेर डोकावली. बाहेर कोणी नसावं. मग तिने वर कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि करंगळी दाखवली. वाट पाहिली. पाय जवळ घेऊन पुन्हा करंगळी दाखवली.

"बघा," बिलाचा कागद पुढे सरकवत क्लार्क म्हणाला, "सात नंबर एकदम क्लिअर आहे."