भिंत उंच केली म्हणून बाग सुरक्षित होत नाही

आमच्या भागातल्या बागेचं नूतनीकरण निघालंय, आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय, आदर्श बाग म्हणजे आठ फुटी भिंत, एकच गेट, ऐसपैस लॉन, टवाळखोरांना आडोसा नको म्हणून मोजकी झाडं, आणि दुपारी कुलूप. तो पुढे पाठवणाऱ्यांची काळजी खरी आहे. उपाय मात्र उलटे आहेत.

आधी भिंत. आठ फुटी भिंतीमागे काय चाललंय ते रस्त्यावरून जाणाऱ्याला, समोरच्या दुकानदाराला, पहिल्या मजल्याच्या खिडकीतल्या आजींना दिसत नाही. टवाळखोरांना याहून चांगला आडोसा कुठला? बाईमाणसाला बागेत निर्धास्त वाटतं ते चार डोळ्यांमुळे. दादरचं शिवाजी पार्क 1925 पासून लोकांसाठी खुलं आहे. त्याच्या भोवती बसता येईल एवढ्याच उंचीचा कट्टा आहे. संध्याकाळी तो माणसांनी भरलेला असतो, आणि मैदानाची राखण आपोआप होते. आपल्याकडे कुंपण हवंच असेल तर आरपार दिसणारी कमरेएवढी जाळी घाला. गेटं किमान दोन ठेवा, म्हणजे एखादीला नकोसं वाटलं तर दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येईल.

झाडांचंही तसंच. नजर अडते ती छातीएवढ्या दाट झुडपांनी. ती गुडघ्याएवढी छाटा आणि झाडांच्या खालच्या फांद्या डोक्याच्या वर ठेवा, की सगळं स्वच्छ दिसतं आणि वर सावलीही राहते. करंज, कडुनिंब ऐन उन्हाळ्यात नव्या पालवीने भरलेले असतात.

लॉनचा हिशेब सोपा आहे. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं तर चौरस मीटरला पाच लिटर लागतात. हजार चौरस मीटरला पाच हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर दोन दिवसांत संपला. एवढं करून ‘हिरवळीवर बसू नये’ ही पाटी लागणारच.

पेव्हर ब्लॉक पायवाटेपुरते ठीक, पण खोडाला भिडवू नका. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच दिल्लीत खोडाभोवती एक मीटर जागा मोकळी करायला सांगितलं होतं.

आणि दुपारचं कुलूप. परवा दीड वाजता बागेच्या गेटाबाहेर घरकाम करणाऱ्या दोन मावशी फूटपाथवर डबा उघडून बसल्या होत्या. भाकरीवर धूळ उडू नये म्हणून एकीने पदर आडवा धरला होता. त्यांच्या पाठीमागे, कुलपाच्या पलीकडे, सावलीतली तीन बाकं रिकामी. दुपारी चार कामं संपवून पाचव्याला निघालेल्या बाईला बसायला दुसरी जागाच नाही. स्वच्छतागृहाचीही तीच गत, तेही आतच. देखभालीसाठी बंद ठेवायचीच असेल तर पहाटे बाग उघडण्याआधी झाडलोट करा.

सूचना देताना एक गोष्ट मी स्वतः लिहून देणार आहे: घसरगुंडीच्या पश्चिमेला करंज लावा. आत्ता तिथे काहीच नाही, आणि एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचलाही पोरांच्या मांड्या पत्र्यावर पोळतात.