चुना नेमका कुणाला लावावा

सोलापूर रस्त्याला, लोणी-उरुळीच्या अंगाला, दोन गुंठे घेतलेत म्हणे. अभिनंदन! परवापरवापर्यंत तिथे ऊस उभा होता, ही तर फार जमेची बाजू. ज्या मातीत ऊस पोसतो तिथे बंगला का पोसणार नाही?

आपले पूर्वज याबाबतीत जरा मागासच. गावाच्या जमिनीचे त्यांनी दोन भाग केले होते, काळी आणि पांढरी. काळी पिकवायला, पांढरी राहायला. काळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा टाकते, तिच्यावर घर उभे करू नये, हे त्यांना इंजिनीअरवाचून कळले होते. तुमच्याकडे मात्र एन.ए.चा, म्हणजे बिगरशेतीचा, आदेश आहे. मातीला त्याची सही-शिक्क्याची प्रत दाखवा.

माती परीक्षणाच्या भानगडीत पडूच नका. हे परीक्षण इतके बाळबोध आहे की करायची लाज वाटावी. चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम दोन मोजपात्रांत घालायची, एकात शुद्ध पाणी ओतायचे, दुसऱ्यात रॉकेल, आणि चोवीस तास गप्प बसायचे. रॉकेलात ही माती फुगत नाही. रॉकेलात १० मिलिलिटर आणि पाण्यात १८ भरली, तर फुगवटा ८० टक्के. ५० टक्क्यांवरची माती महामार्गाच्या भरावात घालू देत नाहीत. पण तुम्ही कुठे महामार्ग बांधताय? शिवाय हल्ली पुण्यात रॉकेल शोधायचे कुठे? मॉड्युलर किचनच्या हँडलसाठी चार दुकाने पालथी घालणे वेगळे, तो घराचा प्रश्न असतो.

माती का फुगते, हेही विचारू नका. विचारलेत तर कुणीतरी सांगेल, की दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज आहे. ते असते चिरोट्यासारखे, पापुद्र्यावर पापुद्रा. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की सगळा चिरोटा वर येतो, सोबत वरचे घरही. मोठ्या इमारतीचे वजन तिला थोडेफार दाबून धरते. एकमजली बंगला, पोर्च आणि कंपाउंडची भिंत ती सहज उचलते. म्हणजे तुमचीच पाळी आधी.

ठेकेदार म्हणेल, "साहेब, काळी काढू, मुरूम भरू, टेन्शन घेऊ नका." घेऊ नका. मुरूम कुठून येतो हे विचारणे असभ्यपणाचे. पुण्याभोवतीच्या टेकड्यांना अजून बरेच पोट शिल्लक आहे. तो कसला आहे हेही विचारू नका. मुंबई आयआयटीचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिले होते, की न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा पुरेसा जाड थर दाबून बसवला तर खालच्या काळीचा फुगवटा आवरतो. त्यातला 'चिकट' हा शब्द गाळला की काम स्वस्त पडते. भुरभुरीत मुरूम काळीतल्या खड्ड्यात भरला की झक्कास हौद तयार होतो. वरून पाणी सुखाने आत जाते, बाहेर पडायला वाट नाही. टँकरचे भाव पाहता घराखाली स्वतःचे धरण असणे वाईट नव्हे.

आता चुना. मातीला चुना लावण्याची जुनी रीत आहे. कोरड्या मातीच्या वजनाच्या चार-सहा टक्के चुना रोटाव्हेटरने मिसळायचा, पाणी मारून एखाद दिवस मुरू द्यायचा, मग रोलर. चुन्यातले कॅल्शियम पापुद्र्यांत जाऊन बसते, चिकटा कमी होतो, आणि पुढे काही आठवड्यांत-महिन्यांत मातीतल्याच सिलिकाशी जमून सिमेंटसारखा घट्ट बंध होतो. काळीची खरीखुरी पांढरी होते म्हणा ना. पण यात मातीला मुरायला वेळ द्यावा लागतो आणि तुमचा मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा. शिवाय आपल्याकडे चुना गिऱ्हाइकाला लावायचा प्रघात आहे. तो मातीवर वाया घालवणे ठेकेदाराला कसे रुचावे?

त्यातून हे पर्यावरणवाले. म्हणतात, चुनाही काही सोवळा नाही. एक टन शुद्ध चुनखडी भाजली तर ४४० किलो कार्बन डायऑक्साइड नुसत्या दगडातून निघतो, भट्टीचे इंधन वेगळे. सिमेंट ज्यापासून दळतात त्या क्लिंकरला तर १४५० अंशांची धग. म्हणून चुना बेताचा घ्या आणि जोडीला उसाच्या चिपाडाची राख घाला, पोलाद कारखान्याची दळलेली मळी, म्हणजे स्लॅग, घाला. राख तर दौंड, बारामती, इंदापूरच्या साखर कारखान्यांत बॉयलरखाली पडलेलीच असते. म्हणजे ज्या उसाला हाकलून प्लॉट पाडला, त्याचीच राख आणून पायाखाली घालायची! वास्तुशांतीच्या आधीच राख? घरातल्या थोरल्यांना विचारा, दोन मिनिटांत विषय बंद होईल. राख प्रत्येक खेपेला वेगळी भाजलेली असते, तिची चाचणी घ्यावी लागते, एकटीने ती फारसे काही करत नाही, चुना हवाच, हे खरे आक्षेप आहेत. ते तुम्ही घेऊ नका. अशुभ म्हणणे सोपे.

अगदीच हिरवे व्हायचे असेल तर कॅनमधले 'जैविक' द्रावण घ्या. काय आहे ते विक्रेता सांगणार नाही, ब्रोशरवर हिरव्या पानाचे चित्र असेल तेवढे पुरे. कुणी गवारीच्या डिंकाने माती बांधता येते म्हणाले, तर ते प्रयोगशाळेत झाले आहे, कबूल. पण किती पावसाळे टिकले, असे विचारून त्याचा हिरमोड करू नका.

पाया झाला की बाग. हिरवळ थेट भिंतीला खेटून लावा आणि रोज संध्याकाळी पाइप सोडून द्या. गच्चीचे पाणी एकाच कोपऱ्यात उतरवा. घराभोवती फरसबंदीचा उतार करू नका, कुंड्या कुठे ठेवणार? एक कोपरा ओला आणि तीन कोरडे राहिले की घर एका अंगाने उचलते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. तिच्यावर कॅलेंडर मावत नाही, ते तिरके लावावे लागते. वास्तुपुरुषाची तसबीर मात्र बसते.

आषाढात दार लागेनासे झाले की 'लाकूड फुगलं' म्हणायचे आणि रंधा मारून घ्यायचा. वैशाखात त्याच दाराला बोटभर फट पडली की खाली रबराची पट्टी. सुतार तिथल्याच मांजरी गावचा बघा, तिकडे त्यांना सवय आहे.