दोन स्टारच्या अभिप्रायाला आमच्या क्लिनिकचं उत्तर

नमस्कार,

मी या वंध्यत्व-उपचार क्लिनिकची मालक आणि इथलीच डॉक्टर. तुमच्यावर काय उपचार झाले, किंवा झाले की नाही, हे मला चारचौघांत बोलता येत नाही. म्हणून तुम्ही स्वतः जेवढं लिहिलंय, तेवढ्यालाच उत्तर देते.

तुम्ही लिहिता की ऑटिस्टिक असल्याचं पहिल्या दिवशी फॉर्मवर नोंदवूनही काही फरक पडला नाही. वेटिंगमध्ये टीव्ही आणि टोकनच्या आरोळ्या. आतून (योनीमार्गातून) करायच्या सोनोग्राफीत प्रोब, म्हणजे तपासणीची दांडी, न सांगताच घातला. ट्रिगर इंजेक्शनची, म्हणजे स्त्रीबीजं काढण्याआधी ती पिकवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनची, वेळ फोनवर घाईत सांगितली आणि तुम्ही परत विचारलंत तेव्हा "ताई, एकदा सांगितलं ना" असं उत्तर मिळालं. शिवाय समुपदेशकांनी तुमच्यादेखत तुमच्या मिस्टरांना विचारलं, "बाळाचं रडणं यांना झेपेल का?"

शेवटचं आधी घेते. हा प्रश्न विचारायचा आम्हाला अधिकारच नाही. 2021 च्या एआरटी (टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांच्या) कायद्यात समुपदेशन कशाचं करायचं ते लिहिलेलं आहे: यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम, जुळ्या-तिळ्यांचा धोका. आई व्हायला कोण लायक, याची परीक्षा त्यात कुठेच नाही. आणि विचारायचंच होतं तर तुम्हाला विचारायचं. तुम्ही समोरच बसला होतात. मी माफी मागते.

प्रोबच्या बाबतीतही तेच. फाइलमध्ये सही आहे म्हणून दर वेळची परवानगी मिळाली, असं होत नाही. आता सांगून, थांबून, होकार आल्यावरच पुढे जायचं, आणि पेशंटला स्वतःच्या हातानं प्रोब आत घ्यायचा असेल तर तो तिच्या हातात द्यायचा. हे सगळ्यांसाठी. ही काही तुमच्यासाठी केलेली खास सोय नव्हे.

फोनबद्दल थोडं सविस्तर लिहावंसं वाटतं. साताऱ्यात आमच्याकडे येणाऱ्या कित्येक बायकांच्या घरी उपचारांचा पत्ता नसतो. मोबाइल सासूबाईंच्या हाती लागतो, मेसेज वाचला जातो. एकदोनदा त्यावरून घरात रामायण झालं, तेव्हापासून "लेखी काही पाठवायचं नाही, फोनवरच सांगायचं" असा नियम मीच केला. तो कुणासाठी जाचक ठरेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. भर रस्त्यात, रिक्षात बसलेल्या माणसाला एका दमात चार सूचना दिल्या तर कुणाच्याही लक्षात राहणार नाहीत. आता पहिल्याच भेटीत विचारतो: फोन, मेसेज की हातात कागद?

आणि तुम्ही परत विचारलंत ते बरोबरच केलंत. ट्रिगरनंतर साधारण 34 ते 36 तासांनी स्त्रीबीजं काढतात. रात्री साडेदहाला इंजेक्शन, तर परवा सकाळी दहाच्या सुमारास. अंतर कमी पडलं तर बीजं पिकलेली नसतात, फार वाढलं तर फॉलिकल (बीज ज्यात वाढतं ती पिशवी) फुटून ती निघून जातात. त्या वेळेची खात्री करणाऱ्या पेशंटवर वैतागणारा माणूस रिसेप्शनवर नको. त्याच्याशी मी बोलले आहे.

एक मागणी मात्र मान्य करता येणार नाही. सगळ्या तारखा आधीच ठरवून द्या, असं तुम्ही म्हणता. फॉलिकल किती वाढले हे त्या दिवशीच्या सोनोग्राफीतच कळतं, माझ्या डायरीला ते जुमानत नाहीत. पण "बघू, सांगू" एवढ्यावर सोडणं हा आमचा आळस होता. साधारण कोणते तीन-चार दिवस, रात्रीच्या कोणत्या दोन तासांत इंजेक्शन, किती वाजेपर्यंत कळवू, हे आधी लिहून देता येतं. तसा तक्ता तयार केला आहे. त्यात काय बदलू शकतं तेही लिहिलंय.

टीव्ही बंद केला. गर्दीचं काही करता येत नाही. पाटण, कोरेगावहून सकाळच्या एसटीनं येणाऱ्यांना नऊच्या आतच यावं लागतं. ज्यांना गोंगाट सोसत नाही त्यांनी गाडीत किंवा खाली बाकावर बसावं, नंबर आला की मेसेज जाईल.

फाइलची पूर्ण प्रत हवी असल्यास कारण न विचारता मिळेल. तक्रार निवारण कक्षाकडे रीतसर तक्रार करायची असेल तर तीही जरूर करा. दोन्हींसाठी ईमेल पुरे. आमच्याकडून फोन येणार नाही.