बत्तीसचा भागाकार

कर्नल, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एकदा कंपाइल करणं (लिहिलेल्या कोडचं मशीनला चालणाऱ्या रूपात भाषांतर करणं) ही हौस. तोच कर्नल आधी ६४ बिटच्या प्रोसेसरसाठी आणि मग ३२ बिटच्यासाठी कंपाइल करणं ही नोकरी.

६४ बिटबद्दल माझी तक्रार नाही. 'मेक' ही कमांड द्यायची, प्रोसेसरच्या असतील तेवढ्या कोअरना कामाला जुंपायचं, पंख्याचा आवाज चढू द्यायचा. शेवटी बीझेडइमेज ही कर्नलची फाइल तयार झाल्याची ओळ येतेच. खरा प्रकार सुरू होतो तो 'आर्च=आय३८६', म्हणजे '३२ बिटसाठी बांध', असं लिहिल्यावर.

आधी मेन्यूकॉन्फिगचा, म्हणजे कर्नलमध्ये काय हवं-नको ते निवडायचा, निळा पडदा. हजारो पर्याय, आणि मदतीच्या मजकुरात जागोजागी एकच सल्ला: खात्री नसेल तर 'एन' म्हणा. मला खात्री कशाचीच नसते. सल्ला मनावर घेतला तर कीबोर्डसकट सगळं बंद होईल. त्यात ३२ बिटवाला मेमरीची चौकशी करणार. त्याला पत्ते पुरतात ४ जीबीपुरते. त्यातले नेहमीच्या वाटणीनं ३ प्रोग्रामना, १ कर्नलला. त्या एकातही कर्नलचा हात थेट पोचतो तो सुमारे ८९६ एमबीपर्यंत. पुढची रॅम 'हायमेम', म्हणजे आहे, पण लागेल तेव्हा तात्पुरती जोडून घ्यायची. ६४ बिटवाला यातलं काही विचारतच नाही.

मग कंपाइल. फायलींमागून फायली सुरळीत जातात आणि माणूस गाफील होतो. ३२ बिटवाला मुद्दाम लिंकिंगपर्यंत, म्हणजे सगळे तुकडे जोडायच्या पायरीपर्यंत, थांबतो आणि मग म्हणतो: '__यूडिवडीआय३' सापडत नाही. नाव वाचून वाटतं एखादा भाग गहाळ झालाय. प्रत्यक्षात कुठल्या तरी ड्रायव्हरमध्ये कुणीतरी ६४ बिटी संख्येला साध्या तिरक्या रेघेनं भागलेलं असतं. ६४ बिटच्या प्रोसेसरला तो एका सूचनेचा खेळ. ३२ बिटसाठी जीसीसी हा कंपायलर तो भागाकार लिबजीसीसी या आपल्या लायब्ररीतल्या फंक्शनकडे सोपवतो, आणि कर्नल लिबजीसीसीला दारातच उभं करत नाही. तेव्हा भागाकार करायचा तर कर्नलचं स्वतःचं 'डू_डिव' वापरा.

या 'डू_डिव'चा स्वभाव सांगायलाच हवा. त्याच्याकडे भागाकार मागितला की तो हातावर बाकी ठेवतो. भागाकार कुठे गेला? भाज्याच्या जागी, गुपचूप. मूळ भाज्य गेलं ते गेलंच. शिवाय भाजक ३२ बिटांत मावणारा हवा. नसेल तर 'डिव६४_यू६४' नावाच्या दुसऱ्या काउंटरवर जा.

भागाकार मार्गी लागला की प्रिंटकेच्या, म्हणजे कर्नलच्या संदेश छापणाऱ्या फंक्शनच्या, वॉर्निंगा. 'साइझ_टी' या आकार मोजणाऱ्या प्रकारातली संख्या छापायला कुणी '%एलयू' ही खूण लिहितं. ६४ बिटला पसंत, ३२ बिटची कुरकुर. '%यू' केलं की ३२ खूश, ६४ला राग. कारण साइझ_टी एकीकडे अनसाइन्ड इंट, दुसरीकडे अनसाइन्ड लाँग. दोघांना चालणारं '%झेडयू' आहे, पण वॉर्निंग घालवणारा माणूस आपल्यासमोरच्या मशीनपुरतंच पाहतो.

पूर्वी आय३८६ (३२ बिट) आणि एक्स८६_६४ (६४ बिट) यांच्या डिरेक्टऱ्या वेगळ्या होत्या. २००८च्या जानेवारीत आलेल्या २.६.२४ या आवृत्तीत दोघांना 'एक्स८६' या एकाच छपराखाली आणलं. तेव्हापासून एकत्र कुटुंबात होतं तेच: एकाच्या खोलीत खिळा ठोकला की दुसऱ्याच्या भिंतीचा पोपडा पडतो.

तुम्ही म्हणाल, बत्तीसला निवृत्त करा. ज्या ३८६वर १९९१ साली लिनक्स जन्मला, त्या चिपला २०१३ साली ३.८ मध्ये निरोप दिलाच की. पण सगळ्या बत्तीसचं तसं नाही. ३२ बिटी घड्याळाची सेकंदमोजणी १९ जानेवारी २०३८ला भरून संपणार म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं खपून त्याचीही सोय केली आणि २०२०च्या ५.६ मध्ये ३२ बिटी कर्नल त्या तारखेपलीकडे चालण्याजोगा झाला. म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत त्याची मुदत वाढवून दिली!

आता एआरएम या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवाल्यांचा निरोप आलाय. त्यांच्याकडे ३२ आणि ६४च्या डिरेक्टऱ्या अजून वेगळ्या आहेत. तोच ड्रायव्हर, तोच भागाकार, आणि यावेळी क्रॉस कंपायलरही (एका मशीनवर बसून दुसऱ्या जातीच्या मशीनसाठी कंपाइल करणारा) माझाच.