रॉकेट खरंच उतरतं, व्हिडिओ उलटा लावलेला नाही

परवा रात्री भाचीचा फोन आला. आठवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी परत उतरणाऱ्या रॉकेटचं मॉडेल करायला घेतलंय तिने. पुठ्ठ्याची नळी, आइस्क्रीमच्या काड्यांचे चार पाय. "मावशी, ते व्हिडिओ उलटे लावलेले असतात का गं? काकांनी ग्रुपवर टाकलंय. मग मी विषय बदलू का?"

मग मी तो मेसेज उघडला. त्यात पाच मुद्दे आहेत. रॉकेट उतरतानाचे व्हिडिओ म्हणजे उड्डाणाचेच व्हिडिओ उलटे लावलेले. एवढी उंच नळी उभी उतरूच शकत नाही, पेन्सिल बोटावर उभी करून बघा. नेमकं उतरताना चित्र गायब होतं. जळालेलं रॉकेट पुन्हा वापरता येत नाही, नवीनच आणून दाखवतात. आणि पुनर्वापराने काही स्वस्त होत नाही.

पहिल्या मुद्द्यापायी पोरगी विषय सोडायला निघाली होती, म्हणून आधी तोच. उड्डाणाचा कुठलाही व्हिडिओ खरंच उलटा लावून बघा. धूर बाहेरून आत ओढला जाताना दिसेल. उतरतानाच्या व्हिडिओत धूर जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरतो. उड्डाणाला स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीचं फाल्कन 9 हे 70 मीटर उंचीचं आख्खं रॉकेट असतं आणि नऊ इंजिनं पेटलेली असतात. उतरतो तो फक्त खालचा टप्पा, म्हणजे बूस्टर. त्याचं शेवटी बहुधा एकच इंजिन चालू असतं, अंगावर काजळी असते आणि पाय अगदी शेवटच्या काही सेकंदांत उघडतात. यातलं कुठलं उड्डाण उलटं लावलं म्हणे? 6 फेब्रुवारी 2018 ला फाल्कन हेवी या त्याच कंपनीच्या तीन बूस्टरच्या रॉकेटचे दोन बूस्टर अमेरिकेतल्या केप कॅनव्हेरल तळावर जवळजवळ एकाच वेळी उतरले. हजारो लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं, ध्वनीचा वेग ओलांडल्याचे धमाके कानांनी ऐकले. त्याच उड्डाणातला मधला बूस्टर मात्र इंजिनं पेटवायचं द्रव्य कमी पडल्याने समुद्रात आपटला, आणि कंपनीने तेही सांगितलं. त्याआधी जानेवारी 2015 मध्ये दिशा सांभाळणारे पंख फिरवणारं हायड्रॉलिक तेल संपलं, एप्रिलमध्ये इंजिनाची झडप वेळेवर हलली नाही, जानेवारी 2016 मध्ये एक पाय लॉक झाला नाही. तिन्ही वेळा बूस्टरचा चुराडा झाला. 2017 मध्ये कंपनीने स्वतःच या सगळ्या अपघातांची चित्रफीत जोडून प्रसिद्ध केली. सगळं खोटंच बनवायचं असतं, तर इतकी रॉकेटं फोडून कोण दाखवेल?

आता पेन्सिल. ऐकायला हे पटतं, म्हणूनच ते जास्त घातक आहे. पेन्सिल पडते कारण तिचं खालचं टोक बोटावर टेकलेलं असतं आणि बाकीचं वजन त्या टेकूभोवती कलंडतं. हवेतल्या रॉकेटला टेकूच नसतो. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं, आडवं पाडत नाही. त्याला तिरकं करतो तो वारा. ते सावरायला वर जाळीदार पंख आहेत, नायट्रोजनचे झोत सोडणाऱ्या तोट्या आहेत आणि जोराची दिशा बदलायला इंजिन स्वतः थोडं वळतं. खाली टेकल्यावरही ते सहज कलंडत नाही, कारण टाक्या जवळजवळ रिकाम्या झालेल्या असतात आणि इंजिनांचं वजन सगळं तळाशी.

खरी अडचण मेसेज लिहिणाऱ्याला माहीतच नाही. इंधन संपत आलेला बूस्टर इतका हलका असतो, की एकच इंजिन आणि तेही अगदी मंद ठेवलं, तरी त्याचा जोर बूस्टरच्या वजनापेक्षा जास्त भरतो. म्हणजे हेलिकॉप्टरसारखं हवेत थांबून, अंदाज घेत उतरण्याची सोय नाही. वीस मीटर वर असतानाच वेग शून्य झाला, तर ते पुन्हा वर निघेल. उशिरा पेटवलं तर आपटेल. उंची शून्य आणि वेग शून्य एकाच क्षणी जुळवावे लागतात, तेही समुद्रात साधारण 90 मीटर लांब, 50 मीटर रुंद तराफ्यावर. हे गणित रॉकेटवरचा संगणक उतरता उतरता करतो. ते कसं, हे लार्स ब्लॅकमोर यांनी 2016 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीच्या 'द ब्रिज' या नियतकालिकात लिहिलंय. हे काम करणाऱ्या टीमचे ते प्रमुख होते. लेख मोफत वाचता येतो. काकांनी मेसेज पुढे ढकलण्याआधी तेवढा वाचायला हवा होता.

समुद्रात उतरतानाच्या बऱ्याच व्हिडिओंत चित्र गेलंय, हे खरं. इंजिनाच्या दणक्याने तराफा हादरतो आणि उपग्रहाकडे रोखलेला अँटेना हलतो. जमिनीवर उतरताना असं होत नाही, ते व्हिडिओ सलग आहेत.

जळण्याचं म्हणाल, तर बूस्टर पृथ्वीभोवतीच्या कक्षेत जातच नाही. कक्षेतला वेग ताशी 27,000 किलोमीटरच्या वर, बूस्टर सुटतो तो साधारण 8,000 ला. उष्णता वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते, त्यामुळे त्याच्या वाट्याला दहाव्या हिश्शाहूनही कमी येते. शिवाय दाट हवेत शिरताना इंजिनं पेटवून तो वेग आणखी कमी करतो. 25 जून 2025 ला आपले शुभांशु शुक्ला ज्या बूस्टरवर बसून गेले, तो आधी एकदा उडून आलेलाच होता. त्यांना वर सोडून तो परत जमिनीवर उतरला. काही बूस्टर तर तीस-तीस वेळा उडालेत.

पाचव्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, मान्य करावं लागतं. वरचा टप्पा आजही वाया जातो. परतीसाठी इंधन राखायचं, म्हणून भूस्थिर उपग्रहांच्या वाटेवर 8.3 टनांऐवजी साडेपाच टनच नेता येतात. आणि जाहीर किंमत 2016 मध्ये 6.2 कोटी डॉलर होती, ती नंतर उतरली नाही, उलट वाढली. वाचलेला पैसा गिऱ्हाइकाला फारसा मिळालेला नाही. पण म्हणून रॉकेट उतरलंच नाही, असं होत नाही.

काका, मेसेज ग्रुपवरून काढा आणि तिला स्वतः फोन करून सांगा. विषय तोच ठेवलाय तिने. पाय मात्र नीट उघडत नाहीयेत, बिजागरीला सायकलच्या ट्यूबचं रबर लावून बघू म्हणतेय. तुमच्याकडे जुनी ट्यूब असेल तर घेऊन या.