ग्राफीन लावले म्हणून बॅटरी ५ मिनिटांत भरत नाही

फिरत असलेला दावा असा: ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा) तांब्याहून सरस वीजवाहक आहे, म्हणून ग्राफीनची बॅटरी ५ मिनिटांत भरते, दुप्पट वीज साठवते आणि तिला लिथियमही लागत नाही.

लिथियमचे आधी उरकू. लिथियम-आयन बॅटरीत ग्राफीन हे लिथियमच्या मुक्कामाची जागा आहे. लिथियमच काढले तर मुक्कामाला येणार कोण?

आता वेग. आजच्या बॅटरीत लिथियम ज्यात साठते ते ग्राफाइटही (ग्राफीनचे एकावर एक रचलेले थर) चांगले वीजवाहक आहे, त्यामुळे इलेक्ट्रॉन सहसा अडत नाहीत. रखडतात ते आयन, म्हणजे लिथियमचे विद्युतभारित अणू. त्यांना इलेक्ट्रोलाइटमधून (बॅटरीतल्या द्रावणातून), इलेक्ट्रोडच्या बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते, भोवती चिकटलेले द्रावकाचे रेणू सोडावे लागतात आणि मग कार्बनच्या थरांत शिरावे लागते. फार घाई केली की लिथियम आत न जाता पृष्ठभागावरच धातूच्या रूपात साचते. त्याने क्षमता घटते, शॉर्टसर्किटचा धोकाही वाढतो. गंमत म्हणजे अखंड ग्राफीनमधून लिथियम आरपार जातच नाही, त्याला कडेने किंवा भोकातून जावे लागते. थर आडवे रचले गेले तर वाट उलट लांबते. म्हणून तर संशोधक ग्राफीनला मुद्दाम भोके पाडतात.

शिवाय हिशेब करून पाहा: ६० किलोवॅट-तासांची कारची बॅटरी ५ मिनिटांत भरायची तर सलग ७२० किलोवॅट लागतील. तेवढी उष्णता आणि तेवढा भार पेलणारी केबल ग्राफीन पुरवत नाही.

दुप्पट साठ्याचे काय? ग्राफाइटची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास. प्रयोगशाळेत ग्राफीनचे आकडे याहून मोठे दिसतात, हे खरे. पण ग्राफीनचे पृष्ठफळ प्रचंड, म्हणून पहिल्याच चार्जिंगला त्यावर थर जमतो आणि बरेच लिथियम त्यात कायमचे अडकते. शिवाय ते भुसभुशीत असल्याने त्याच आकारात माल कमी मावतो. आणि अॅनोड (चार्जिंगला लिथियम जिथे शिरते ते ऋण टोक) कितीही सुधारला तरी कॅथोड (समोरचे धन टोक) तोच राहिला, तर अख्खी बॅटरी दुप्पट होणार कशी?

पुरावा म्हणून सॅमसंगचे २०१७ मधले ‘ग्राफीन बॉल’ दाखवतात. तिथे कॅथोडच्या कणांवर ग्राफीनचा लेप होता, आणि कंपनीने स्वतः सांगितलेला वेळही १२ मिनिटांचा होता, तोही प्रयोगशाळेतला. बाजारातल्या ‘ग्राफीन बॅटरी’त तर अनेकदा ग्राफीन हे चिमूटभर मिसळलेले पूरक द्रव्य असते.

खरोखर झटपट भरणारा अॅनोड आधीपासून आहे: लिथियम टायटनेट. तो लिथियम धातूच्या तुलनेत सुमारे १.५५ व्होल्ट वर चालतो, त्यामुळे लिथियम धातू साचण्याची भीती जवळपास नाही. किंमत मोजावी लागते ती साठ्यात: ग्रॅममागे १७५ मिलिअँपिअर-तास, आणि सेलचा व्होल्टेजही कमी.